युआरएल सर्च पॅरम्स : ब्राउझरमध्येच फुकट मिळणारं हत्यार, दीड वर्ष वापरून लिहितोय

मी जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीची एक साईट सांभाळतो. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातले डीलर आपापले ट्रॅक्टर तिथे टाकतात आणि गिऱ्हाईक तालुका, कंपनी, एचपी, साल, किंमत असे फिल्टर लावून बघतं. या फिल्टरचं सगळं काम मी दीड वर्षापूर्वी ब्राउझरमधल्या युआरएल सर्च पॅरम्स (URLSearchParams) या एपीआयवर, म्हणजे लिंकमधली माहिती वाचायला-बदलायला जावास्क्रिप्टमध्ये तयार मिळणाऱ्या फंक्शनांवर टाकलं, त्याआधी हाताने स्ट्रिंग जोडायचो आणि मधे काही महिने एक बाहेरची लायब्ररी पण होती. रिव्ह्यू लोक लॅपटॉपचे लिहितात, फ्रेमवर्कचे लिहितात, पण ही रोज हातात असणारी वस्तू, हिच्याबद्दल मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला तरी दिसलं नाही म्हणून बसलोय लिहायला.

सुरुवात एका फोनपासून झाली. कऱ्हाडजवळचे आमचे एक जुने डीलर आहेत, त्यांना सगळे काकाच म्हणतात, त्यांनी पंचेचाळीस एचपीचे, चार लाखाच्या आतले ट्रॅक्टर असा फिल्टर लावून समोरच्या पार्टीला व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली आणि दहा मिनिटात मला फोन, "अरे लिंक पाठवली मी, पण त्याच्या फोनवर सगळेच ट्रॅक्टर दिसतायत, मी काढून ठेवलेले कुठं गेले?" मी म्हटलं काका, त्यांना फिल्टर परत लावायला सांगा. तर म्हणाले, "मग लिंक कशाला पाठवायची, फोनवरच सांगितलं असतं की." अगदी बरोबर बोलले. फिल्टर सगळे पेजच्या मेमरीत होते, युआरएलमध्ये काहीच नव्हतं, पेज रिफ्रेश केलं की गेलं, बॅक दाबलं की गेलं, दुसऱ्याला पाठवलं तर मुळात पोचतच नव्हतं. आमच्या धंद्यात निम्मा व्यवहार व्हॉट्सॲपवरच्या लिंकवर चालतो, म्हणजे साईटचा मूळ उपयोगच अर्धा गेला होता, आणि हे मला एका डीलरने फोन करून सांगेपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की गिऱ्हाईकाने स्क्रीनवर जे निवडलंय ते ॲड्रेस बारमध्ये असलंच पाहिजे, आणि ते करायला जे लागतं ते ब्राउझर स्वतःच देतो.

आता वस्तूबद्दल. युआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतर जी शेपटी असते, तालुका=कराड&एचपी=४५ अशी, ती वाचायची, बदलायची आणि परत जोडायची एवढंच हिचं काम. गंमत म्हणजे युआरएलचं जे सर्वसाधारण स्पेसिफिकेशन आहे, आरएफसी ३९८६, २००५ चं, त्यात या शेपटीची नाव-बरोबर-किंमत-अँपरसँड (किंमत म्हणजे इथे व्हॅल्यू, रुपये नव्हेत, आणि अँपरसँड म्हणजे & हे चिन्ह) अशी काही सक्ती नाहीये, तिथे ती नुसती एक स्ट्रिंग आहे. ही जोड्यांची पद्धत एचटीएमएल फॉर्ममधून आली आणि इतकी रुळली की आपल्याला तोच नियम वाटतो. युआरएल सर्च पॅरम्स ही त्या फॉर्मच्या पद्धतीवरच चालते, हे आत्ता लक्षात ठेवा कारण पुढच्या निम्म्या तक्रारी याच एका गोष्टीतून निघतात.

सपोर्टची काळजी आता राहिलेली नाही. क्रोममध्ये २०१६ पासून आहे, सफारीत २०१७ पासून, एजमध्ये २०१८ पासून, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्येही आता वेगळं इम्पोर्ट न करता मिळते. आमच्याकडे गावाकडच्या जुन्या अँड्रॉइडवरून येणारं ट्रॅफिक भरपूर आहे, तिथेही बेसिक गोष्टी बिनबोभाट चालतात. नेक्स्ट किंवा रिॲक्ट राउटर असं फ्रेमवर्क वापरत असाल तर तिथलं यूज-सर्च-पॅरम्स जे हातात देतं ते आतून हेच आहे, नेक्स्टमध्ये फक्त वाचण्यापुरतं. म्हणजे एकदा शिकलात की फ्रेमवर्क बदललं तरी शिकलेलं वाया जात नाही, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

पहिल्याच दिवशी जो फरक पडला तो सांगतो. आमच्या कंपनीच्या यादीत महिंद्रा & महिंद्रा असं नाव आहे, मधे अँपरसँडच. आधीच्या कोडमध्ये मी कंपनी= आणि पुढे नाव असं सरळ जोडत होतो, मग सर्व्हरला काय मिळायचं तर कंपनी नुसती "महिंद्रा" आणि शेवटी एक स्पेस, आणि दुसरा "महिंद्रा" हा वेगळाच रिकामा पॅरामीटर. रिझल्ट शून्य. डीलर म्हणणार माझे ट्रॅक्टर गायब झाले. मी तेव्हा सर्व्हरवर जाऊन त्या एका नावासाठी खास इफ (म्हणजे अट) टाकून ठेवला होता, जो नंतर दुसऱ्या ठिकाणी नडला. आता नुसतं सेट म्हणायचं, नाव द्यायचं, किंमत द्यायची, अँपरसँड असो, हॅश असो, बरोबरचं चिन्ह असो, सगळं नीट एन्कोड होऊन, म्हणजे लिंकमध्ये चालेल अशा टक्का-आकड्यांच्या रूपात जातं, तो इफ मी त्याच दिवशी उडवला.

दुसरं म्हणजे टक्क्याचं चिन्ह. एका डीलरने पॅम्प्लेटवर छापायला स्वतःच लिंक बनवली होती, शोधाच्या जागी "१००% लोन" असं सरळ टाईप करून. आमचा जुना कोड प्रत्येक तुकडा डीकोड-युआरआय-कंपोनंटमधून काढायचा, आणि ते फंक्शन असा अर्धवट टक्का बघितला की सरळ एरर फेकतं, पेज पांढरं. युआरएल सर्च पॅरम्स असल्या टक्क्याला जसाच्या तसा ठेवते आणि पुढे जाते. बाहेरच्या माणसाने हाताने टाईप केलेल्या लिंकवर तुमचं पेज पडता कामा नये, त्यामुळे या एका गोष्टीसाठी मी तिला वेगळे मार्क देईन.

आता जिथे अडकलो ते. आणि हे नीट वाचा, कारण डॉक्युमेंटेशनमध्ये बहुतेक सगळं लिहिलेलं आहे पण तिथे ते एका ओळीत असतं आणि आपला त्यात अख्खा दिवस जातो.

सगळ्यात आधी, इथून निघणारी प्रत्येक गोष्ट ही स्ट्रिंग असते. पॅरामीटरच नसेल तर वाचायचं फंक्शन गेट तुम्हाला नल, म्हणजे "काहीच नाही", देतं, आणि जावास्क्रिप्टमध्ये नलला नंबर केलं की शून्य होतं. आमच्याकडे "जास्तीत जास्त किंमत" हा पॅरामीटर लिंकमध्ये नसला की कोड समजायचा कमाल किंमत शून्य रुपये, आणि यादी रिकामी. म्हणून आधी हॅज (आहे का) विचारायचं किंवा नल तपासायचं, मगच नंबर करायचा. तसंच फायनान्स=फॉल्स असं लिंकमध्ये असेल तर तो फॉल्स हा शब्द आहे, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी भरलेला शब्द म्हणजे खरं. आणि एक खास आपल्याकडची गोष्ट, मराठी कीबोर्डवरून कोणी किंमतीत ४००००० असं देवनागरी आकड्यात टाईप केलं तर नंबर फंक्शनला ते कळत नाही, एनएएन, म्हणजे "हा आकडाच नाही", येतो. आम्ही आता लिंकमध्ये लिहिण्याआधीच देवनागरी आकडे इंग्रजी करून घेतो, दहा अक्षरांचा बदल आहे, पण ते केल्यापासून "किंमत टाकली की काहीच दिसत नाही" हे फोन बंद झाले.

मग एकाच नावाचे दोन पॅरामीटर. गिऱ्हाईकाने स्वराज आणि सोनालिका दोन्ही निवडले तर कंपनी दोनदा येते. त्यासाठी अपेंड आहे आणि वाचायला गेट-ऑल. नुसतं गेट केलंत तर पहिली किंमत मिळते. सर्व्हर आमचा पीएचपीवर आहे आणि पीएचपीत नावापुढे चौकटी कंस नसतील तर शेवटची किंमत टिकते. म्हणजे फिल्टरच्या चिपवर (निवड दाखवणाऱ्या छोट्या बटणावर) स्वराज दिसतंय आणि खाली यादी सोनालिकाची! दोघंही आपापल्या नियमाने बरोबर आहेत, पायथनवाला जँगोसुद्धा एकच मागितली तर शेवटचीच देतो, पण पुढचा आणि मागचा कोड कोणत्या नियमाने चालणार हे तुम्ही आधी बसून ठरवायचं असतं, ते आम्ही ठरवलं नव्हतं. आता आमच्याकडे नाव कंसासकट जातं आणि दोन्हीकडे पूर्ण यादीच वाचतात.

एक नवीन सोय २०२३ मध्ये ब्राउझरांत आली, डिलीटला नावासोबत किंमतपण देता येते, म्हणजे कंपनीतलं फक्त सोनालिका काढ. फारच कामाची. पण जुन्या ब्राउझरला तो दुसरा भाग कळतच नाही, तो एरर देत नाही, सरळ कंपनी नावाचं सगळं पुसून टाकतो. आमच्याकडे हे नेमकं जुन्या फोनवर व्हायचं आणि माझ्या लॅपटॉपवर कधीच नाही, त्यामुळे सापडायला उशीर लागला. तुमचं गिऱ्हाईक जुन्या फोनवर असेल तर गेट-ऑलने यादी घ्या, हवं ते गाळा, सगळं डिलीट करून उरलेलं परत अपेंड करा. आणि रिकामे पॅरामीटर काढण्यासाठी लूप फिरवत फिरवत त्याच लूपमध्ये डिलीट करू नका, मधले काही सुटतात, आधी नावांची वेगळी कॉपी करून घ्या.

कन्स्ट्रक्टरला, म्हणजे ही वस्तू बनवतानाच, अख्खी लिंक दिली तरी तो काही बोलत नाही हे मला खरंच आवडत नाही. पहिल्या पॅरामीटरचं नाव एचटीटीपीएसपासून सुरू होऊन प्रश्नचिन्हासकट तालुक्यापर्यंत एवढं लांब होतं आणि बाकीचे पॅरामीटर मात्र व्यवस्थित चालतात, त्यामुळे असं वाटतं की फक्त तालुक्यातच काहीतरी बिघाड आहे. अख्खी लिंक असेल तर आधी युआरएल ऑब्जेक्ट बनवा आणि त्याचं सर्च-पॅरम्स घ्या.

आता स्पेस. फॉर्मची पद्धत म्हणून ही स्पेसचं अधिक चिन्ह करते. वेबसाईटच्या लिंकमध्ये चालतं, पण आमच्याकडे "ईमेलने चौकशी करा" असं बटण आहे, त्यातल्या मेलटू लिंकमध्ये अधिक म्हणजे खरंखुरं अधिकच धरतात, त्यामुळे डीलरला मेल जायचा तो "स्वराज+७४४+बद्दल+चौकशी" अशा विषयाचा. यावर उपाय सोपा आहे, टू-स्ट्रिंग केल्यावर त्यातली सगळी अधिक चिन्हं टक्का वीसने (%20, स्पेसचं दुसरं रूप) बदलायची. मजकुरात मुळात अधिक असेल, समजा फोन नंबरच्या पुढे, तर ते आधीच वेगळं एन्कोड झालेलं असतं, म्हणजे उरलेलं प्रत्येक अधिक हे स्पेसच आहे, बिनधास्त बदला. टोकन रकमेच्या यूपीआय लिंकलाही मी हेच करतो. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, वडापावच्या गाडीवर जो क्यूआर लावलेला असतो त्याच्या आतही अशीच क्वेरी स्ट्रिंग असते, पीए म्हणजे पैसे कोणाला, पीएन म्हणजे नाव, एएम म्हणजे रक्कम, सीयू म्हणजे चलन. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.)

याच्याच पोटातली आणखी एक गोष्ट, युआरएल ऑब्जेक्टच्या सर्च-पॅरम्समध्ये एक जरी बदल केलात तरी ती अख्खी शेपटी नव्याने लिहिते, तुम्ही न हात लावलेला भागसुद्धा. टक्का वीसचं अधिक होतं, नुसतं नाव असेल तर त्यापुढे बरोबरचं चिन्ह लागतं. एरवी काही बिघडत नाही, पण ज्या लिंकवर सर्व्हरची सही असते आणि ती सही अक्षर न अक्षर तपासून बघितली जाते, तिथे लिंक बाद होते. फोटोंच्या बाबतीत आम्हाला हा फटका बसलाय. अशा लिंकला या एपीआयने हातच लावू नये.

आता मराठीचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) तीन बाइटचं असतं आणि एका बाइटचे लिंकमध्ये तीन कॅरेक्टर होतात, एक टक्का आणि पुढे दोन. म्हणजे "पुणे" हा शब्द घ्या, प, उकार, ण, मात्रा, चार चिन्हं, लिंकमध्ये ३६ कॅरेक्टर. ॲड्रेस बारमध्ये छान "पुणे" दिसतं पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलं की टक्के आणि आकड्यांचा ढीग, आणि आमचे काका म्हणणार हे व्हायरस आहे काय रे. अपाची या वेब सर्व्हरची रिक्वेस्टच्या पहिल्या ओळीची डीफॉल्ट मर्यादा ८१९० बाइट आहे, म्हणजे नऊने भागलं तर हजाराच्या आतच चिन्हं बसतात, फिल्टरला तेवढं पुष्कळ झालं, पण कोणी अख्खा मजकूर लिंकमधून पाठवायला गेला तर ४१४ ची (लिंक फार लांब) एरर खाणार. म्हणून तालुके, कंपन्या, रंग या ठरलेल्या गोष्टींना आम्ही लिंकमध्ये छोटे इंग्रजी कोड दिलेत आणि फक्त शोधाचा मजकूर देवनागरीत जातो.

आणि त्या शोधातच कऱ्हाड सापडेना. म्हणजे काही जणांना सापडत होतं, काहींना नाही. स्क्रीनवर शब्द अगदी एकच. मी दोन गिऱ्हाईकांच्या लिंका शेजारी शेजारी ठेवून मोजल्या तर एकात शहराचं नाव ५४ कॅरेक्टरचं आणि दुसऱ्यात ६३. तासभर डोळे फोडल्यावर कळलं की हा आपला मधला ऱ्ह जो आहे तो तीन प्रकारे टाईप होतो. एक, ऱ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो-विड्थ-जॉइनर, ही पद्धत बऱ्याच कीबोर्डवरून आपोआप होते. दिसायला तिन्ही सारखे, लिंकमध्ये तिन्ही वेगळे. युआरएल सर्च पॅरम्स यात काहीच करत नाही, तुम्ही जे दिलं ते बाइटच्या बाइट उचलून ठेवते, आणि तिने तसंच करावं हेही मला पटतं, कारण पासवर्ड बदलायची लिंक असो की टोकन असो, मधे कोणी अक्षर बदलायला लागलं तर आणखी मोठी पंचाईत. पण मग काम आपल्यावर येतं. नॉर्मलाइज एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची युनिकोडची पद्धत) केलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, त्यासाठी र-हलन्त-जॉइनर दिसलं की ऱ-हलन्त करून टाकायचं असं एक वेगळं रिप्लेस लागतं. दोन ओळी आहेत. दुसऱ्या, बऱ्या, कोऱ्या, गोऱ्हे, सगळ्या शब्दांना हेच लागू आहे, त्यामुळे तुमच्या साईटवर मराठी शोध असेल तर आजच तपासून बघा, तुमचीपण काही गिऱ्हाइकं रिकामी यादी बघून परत जात असतील. इंग्रजीत काम करणाऱ्या माणसाला ही अडचण कधी येणारच नाही, म्हणून हे आपणच एकमेकांना सांगायला हवं.

बाकी थोडक्यात. ही वस्तू फक्त स्ट्रिंग सांभाळते, ॲड्रेस बार बदलण्याचं काम हिस्टरी एपीआयचं, ते वेगळं शिकावं लागतं. फिल्टर निवडला की पुश-स्टेट (हिस्टरीत नवी नोंद), म्हणजे बॅक दाबल्यावर मागचा फिल्टर येतो, पण किमतीचा स्लायडर ओढताना रिप्लेस-स्टेट (आहे तीच नोंद बदलणं), नाहीतर गिऱ्हाईकाला पेजमधून बाहेर पडायला चाळीस वेळा बॅक दाबावं लागेल. तेही हात थांबल्यावर एकदाच करा, सफारीत थोड्या सेकंदांत शंभरच्या वर कॉल गेले की सिक्युरिटी एरर येते. आणि पुश-स्टेट केल्यावर पॉप-स्टेट इव्हेंट आपोआप येत नाही, तो फक्त बॅक-फॉरवर्डला. सॉर्ट हे छोटंसं फंक्शन जरूर वापरा, तालुका आधी की एचपी आधी यावरून कॅशमध्ये (साठवून ठेवलेल्या पेजांत) एकाच पेजच्या दोन कॉप्या होतात त्या होत नाहीत. फेसबुकवरून आलेल्या लिंकला शेवटी एफबीसीएलआयडी चिकटलेलं असतं, तेही कॅशची की बनवताना काढून टाका. आणि मोबाईल नंबर, ओटीपी, पासवर्ड यातलं काहीही क्वेरीत घालू नका, सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि ब्राउझरच्या हिस्टरीत ते तसंच्या तसं पडून राहतं, एचटीटीपीएस असलं तरी.

लायब्ररी लागते का? आतल्या आत ऑब्जेक्ट, त्यात यादी, त्यात आणखी ऑब्जेक्ट असं काही लिंकमध्ये न्यायचं असेल तर क्यूएस ही लायब्ररी घ्या, ती त्यासाठीच आहे आणि चांगली आहे. नोडमधलं जुनं क्वेरीस्ट्रिंग मॉड्यूल प्रमाणित एपीआय नाही, ब्राउझरशी जुळायला हव्या अशा नवीन कोडमध्ये ते नको. सपाट फिल्टर असतील, म्हणजे बहुतेक साईटना असतात तसे, तर ही फुकटची पुरते. पाचपैकी साडेचार, तो अर्धा अख्खी लिंक दिल्यावर गप्प बसते त्याचा कापला.

काकांची लिंक आता नीट पोचते. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच ॲड्रेस बारमधला ४५ खोडून ५० केला आणि फोन करून विचारलं, "हे असं हाताने बदललं तर चालतंय काय रे?" म्हटलं काका, चालतंय.